पैलवानाचं हृदय आणि रक्तदाबाचं हृदय

कुंडलच्या मैदानात हलगी घुमू लागली की सांगली, सातारा, कोल्हापूर या तिन्ही जिल्ह्यांतला कुस्तीवेडा माणूस तिकडे वळतो. आखाड्यात उतरलेला बाविशीतला पैलवान आणि कडेला बसून त्याची लढत पाहणारा, कधीकाळी स्वतः लंगोट कसलेला साठीचा माणूस, या दोघांच्या छातीचा एक्स-रे काढला तर दोन्हींत हृदयाची सावली रुंद दिसू शकते. ईको केला तर दोघांच्याही डाव्या जवनिकेची, म्हणजे साऱ्या शरीराला रक्त ढकलणाऱ्या खालच्या कप्प्याची, भिंत नेहमीपेक्षा जाड भरू शकते. तरीही पहिल्याचं हृदय बहुधा ठणठणीत असतं. दुसऱ्याचा रक्तदाब वर्षानुवर्षं कुणी मोजलाच नसेल, तर त्याचं हृदय थकण्याच्या वाटेला लागलेलं असू शकतं.

‘हार्ट वाढलंय’ हे शब्द ऐकून घाबरलेली माणसं पलूस, कराड, सांगली-मिरजेच्या दवाखान्यांबाहेर बसलेली दिसतात. त्यांना सांगायला हवं ते असं, की वाढ किती झाली यापेक्षा ती कोणत्या निरोपामुळे झाली आणि वाढलेलं हृदय आता रक्तात काय सोडतंय, हे जास्त महत्त्वाचं आहे. गेल्या सत्तर वर्षांतलं हृदयसंशोधन पाहिलं तर हृदय हा नुसता पंप उरत नाही. ती एक अंतःस्रावी ग्रंथीही आहे, आणि मोठं झाल्यावर तिचा स्राव बदलतो.

सुरुवात खेळाडूंपासून करू, कारण विज्ञानानंही ती तिथूनच केली. १८९९ साली स्वीडनमधल्या हेन्शेन या डॉक्टरांनी बर्फावरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरणाऱ्यांच्या छातीवर बोटांनी ठोकून हृदयाची सीमा आखली. त्यांना ते मोठं आढळलं, आणि ही वाढ कष्टाला साजेशी, उपकारक असल्याचं मत त्यांनी दिलं. तेव्हा एक्स-रेचा शोध लागून जेमतेम चार वर्षं झाली होती. पुढे १९७५ मध्ये अमेरिकेत मॉर्गनरॉथ आणि सहकाऱ्यांनी ईको वापरून धावपटू व पोहणारे एका बाजूला आणि कुस्तीगीर व गोळाफेक करणारे दुसऱ्या बाजूला, अशी तुलना केली. धावपटूंच्या हृदयाचे कप्पे प्रशस्त निघाले. कुस्तीगिरांचे कप्पे नेहमीच्याच मापाचे, पण भिंती जाड. धावताना हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताचं प्रमाण वाढतं. कुस्तीत डाव धरून श्वास रोखला, सगळे स्नायू आवळले की रक्तदाब एकदम वर चढतो, आणि भिंतीला त्या दाबाशी झुंजावं लागतं. ही विभागणी इतकी काटेकोर नसल्याचं नंतर दिसलं. आजचा पैलवान पहाटे धावतो, दोर चढतो, जोर-बैठका मारतो, त्यामुळे त्याच्या हृदयावर दोन्ही प्रकारचे ताण पडतात. तरी मूळ निरीक्षण टिकून आहे.

वाढीला मर्यादाही आहे. १९९१ मध्ये इटलीतल्या पेलिचिया यांनी ९४७ अव्वल खेळाडूंची मोजमापं प्रसिद्ध केली. १३ मिलिमीटर किंवा त्याहून जाड भिंत फक्त १६ जणांत होती आणि कुणाचीही १६ मिलिमीटरच्या पुढे गेली नव्हती. १९९६ मध्ये त्याच गटाने ६०० महिला खेळाडू तपासल्या. त्यांच्यात १२ मिलिमीटरच्या वर एकही नाही. सांगलीत मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली, सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली, आणि तेव्हापासून या भागातल्या तालमींत मुलींची संख्या डोळ्यांत भरण्याजोगी आहे. त्यांचा ईको वाचताना मुलांचे आकडे लावून चालणार नाही.

आता ही वाढ होते कशी ते पाहू. प्रौढ माणसाच्या हृदयस्नायूच्या पेशी जवळपास विभागतच नाहीत. २००९ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी अणुचाचण्यांमुळे वातावरणात मिसळलेल्या कार्बन-१४ चा माग काढून दाखवलं, की पंचविशीत वर्षाला सुमारे एक टक्का पेशी नव्या होतात आणि पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणजे हृदय मोठं होतं ते आहे त्याच पेशी फुगून. पेशीच्या आतले आकुंचन पावणारे धागे एकमेकांशेजारी रचले गेले तर भिंत जाड होते, एकापुढे एक जोडले गेले तर कप्पा लांब-रुंद होतो. कुठली रचना व्हायची हे पेशीपर्यंत पोचणाऱ्या संदेशांवर ठरतं, आणि पैलवान व रक्तदाबाचा रुग्ण यांच्या वाटा इथेच फुटतात.

रोजच्या व्यायामात पुढाकार घेतो तो इन्सुलिनसारखा वाढघटक, आयजीएफ-१. तो पेशीच्या पृष्ठभागावरच्या आपल्या ग्राहीला चिकटला की आत पीआय-३ कायनेज आणि एकेटी ही प्रथिनं एकापाठोपाठ जागी होतात, नवी प्रथिनं बनू लागतात, पेशी मोठी होते आणि तिच्याबरोबर सूक्ष्म रक्तवाहिन्याही वाढतात. मांस वाढलं तसा त्याचा रक्तपुरवठाही वाढला, त्यामुळे उपासमार होत नाही. व्यायाम थांबला की काही आठवड्यांत-महिन्यांत ही वाढ बरीचशी ओसरते. ओसरणं हीच तिच्या निरोगीपणाची एक खूण मानली जाते.

चढ्या रक्तदाबात, अरुंद झालेल्या झडपेत किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर मात्र वेगळी मंडळी पुढे येतात: अँजिओटेन्सिन-२, एंडोथेलिन-१ आणि नॉरअॅड्रेनॅलिन. अँजिओटेन्सिन फक्त मूत्रपिंडाच्या सांगण्यावरून तयार होतं असा समज होता. १९९३ मध्ये सादोशिमा आणि इझुमो यांनी हृदयाच्या पेशी रबरी पडद्यावर वाढवून तो पडदा ताणला, तेव्हा त्या पेशींनी स्वतःच अँजिओटेन्सिन सोडलं आणि त्याच्याच परिणामाने त्या फुगल्या. हृदय स्वतःलाच निरोप धाडत होतं. या संदेशांमुळे पेशीतलं कॅल्शियम वाढतं, कॅल्सिन्यूरिन नावाचं विकर जागं होतं आणि ते एनएफएटी या प्रथिनाला केंद्रकात पाठवतं. १९९८ मध्ये मॉल्केन्टिन आणि सहकाऱ्यांनी हा मार्ग दाखवून दिला. या वाटेने वाढलेल्या हृदयात पेशींच्या मधे तंतुमय ऊतक साचतं, भिंत ताठर होते, रक्तवाहिन्या मागे पडतात आणि शेवटी आकुंचनाची ताकदच घटते.

पैलवानाचा ताण थोडा वेळ असतो, रक्तदाबाच्या रुग्णाचा चोवीस तास, एवढाच फरक असावा, हे स्पष्टीकरण पटकन सुचतं. ते पुरेसं नाही. २००६ मध्ये उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात महाधमनीवरचा दाब रोज ठरावीक वेळच वाढवला, बाकी वेळ सोडून दिला. तरीही त्या हृदयांत रोगट बदल झाले. म्हणजे ताणाचा काळ महत्त्वाचा असला तरी ताणाची जात त्याहून महत्त्वाची. व्यायामात साऱ्या शरीरातल्या रक्तवाहिन्या, स्नायू आणि हार्मोन्स एकत्र बदलतात. नुसत्या दाबाच्या ओझ्यात तसं होत नाही.

हृदय ग्रंथी आहे हे कळायला मात्र बराच काळ लागला. १९५६ मध्ये ब्रूनो किश यांना गिनीपिगच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांत, कर्णिकांत, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काळे कण दिसले. त्याच वर्षी हेन्री आणि गॉअर यांनी कुत्र्याच्या डाव्या कर्णिकेत फुगा फुगवला आणि लघवीचं प्रमाण वाढलेलं पाहिलं. धडधडीचा झटका येऊन गेला की काही रुग्णांना भरपूर लघवी होते, हे डॉक्टरांच्याही नजरेत होतं. १९६४ मध्ये जेमिसन आणि पलाडे यांनी त्या कणांचं बारकाईने वर्णन केलं. दिसायला ते हार्मोन साठवणाऱ्या ग्रंथींतल्या कणांसारखेच होते. तरी सगळे धागे जुळायला १९८१ उजाडावं लागलं. कॅनडातल्या किंग्स्टन इथे मूळचे अर्जेंटिनाचे अडॉल्फो दे बोल्ड यांनी उंदराच्या कर्णिकांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला आणि काही मिनिटांत मूत्रपिंडांतून मीठ-पाणी भराभर बाहेर पडू लागलं. जवनिकांच्या अर्काने तसं काही झालं नाही. एवढा साधा प्रयोग, आणि पाठ्यपुस्तकातली हृदयाची व्याख्या बदलली. १९८४ मध्ये जपानच्या कांगावा आणि मात्सुओ यांनी माणसातल्या या हार्मोनचे २८ अमिनो आम्लांचे मणी ओळखले. हेच एएनपी. १९८८ मध्ये त्याच गटाला डुकराच्या मेंदूत त्याचं भावंड सापडलं, त्याला बीएनपी म्हटलं गेलं. गंमत अशी की पुढे त्याचा मुख्य उगम मेंदूत नव्हे, हृदयाच्या जवनिकांतच निघाला.

या दोघांची कामाची पद्धत निराळी आहे. कर्णिकांच्या पेशी एएनपी आधी बनवून कणांत साठवून ठेवतात आणि भिंत ताणली गेली की लगेच सोडतात. जवनिकांत असा मोठा साठा नसतो. तिथे भिंतीवर ताण आला की बीएनपीचं जनुक जागं होतं, नवा माल तयार होतो आणि तसाच बाहेर पडतो. निरोगी प्रौढाच्या जवनिका या कामात फारशा नसतात. गर्भात असताना मात्र त्या एएनपी बनवत असतात. रोगट वाढीत हृदय पुन्हा त्या गर्भावस्थेतल्या जनुकांकडे वळतं: जवनिका एएनपी आणि बीएनपी ओतू लागतात, आकुंचनाच्या प्रथिनांचीही गर्भातली रूपं परततात. व्यायामाने वाढलेल्या हृदयात हा गर्भकालीन कार्यक्रम सहसा सुरू होत नाही. दोन हृदयांतला फरक सांगणारी इतकी स्पष्ट रेषा दुसरी नाही, असं मला वाटतं.

मग वाढलेल्या हृदयातून निघणारे हे हार्मोन रोगाचे साथीदार आहेत की विरोधक? उत्तर उंदरांनी दिलं. १९९५ मध्ये एएनपीचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांचा रक्तदाब मीठ खाल्लं की चढू लागला. १९९७ मध्ये एएनपी-बीएनपीचा मुख्य ग्राही नसलेले उंदीर पाहिले गेले: हृदय अवाढव्य, तंतूंनी भरलेलं, आणि काहींचा अचानक मृत्यू. पुढच्या प्रयोगांत दिसलं की ही वाढ सगळीच रक्तदाबामुळे नव्हती; हे हार्मोन हृदयातच राहून शेजारच्या पेशींना आवर घालत होते. २००० मध्ये बीएनपी नसलेल्या उंदरांत रक्तदाब न चढताही जवनिकेत तंतू साचलेले आढळले. हे हार्मोन ग्राहीला लागले की पेशीत जीएमपीचं चक्रीय रूप तयार होतं, त्याने जागं होणारं कायनेज कॅल्सिन्यूरिनच्या वाटेला आडवं येतं, रक्तवाहिन्या सैल पडतात, मूत्रपिंड मीठ सोडतं, आणि मीठ धरून ठेवायला लावणारे रेनिन व अल्डोस्टेरॉन दबतात. रोग ज्या दिशेने ओढतो, हे नेमके त्याच्या उलट ओढतात.

मग इतकं बीएनपी रक्तात असूनही माणसाचे पाय सुजतात आणि धाप लागते ती का? इथे या विषयाचं सगळ्यात कठीण कोडं आहे. बीएनपी आधी १०८ मण्यांच्या लांब रूपात बनतं. कोरिन आणि फ्यूरिन ही विकरं ते कापतात, तेव्हा ३२ मण्यांचं कामाचं बीएनपी आणि ७६ मण्यांचा निरुपयोगी तुकडा, एनटी-प्रोबीएनपी, वेगळे होतात. थकलेल्या हृदयात हे कापणं अर्धवट राहतं. नेहमीच्या चाचणीत जे बीएनपी म्हणून मोजलं जातं त्यातलं बरंच न कापलेलं, दुबळं लांब रूप असतं. त्यात नेप्रिलायसिन नावाचं विकर चांगल्या बीएनपीचे तुकडे करत असतं, आणि ग्राहीही सुस्तावतात. अहवालावर आकडा मोठा, प्रत्यक्षात औषधी हार्मोन अपुरं, अशी ही अवस्था.

उपचारांचा इतिहास याच समजुतीवर चढत-पडत गेला. हार्मोन कमी पडतंय तर बाहेरून द्या, असा सरळ विचार करून बनवलेलं नेसिरिटाइड अमेरिकेत २००१ मध्ये मंजूर झालं. २०११ मध्ये ७,१४१ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. मृत्यू आणि पुन्हा दाखल व्हावं लागणं या दोन्हींत त्याने फरक पडला नाही, रक्तदाब मात्र घसरत होता. मग दुसरी वाट निघाली: हार्मोन ओतू नका, त्याचं विघटन थांबवा आणि त्याच वेळी अँजिओटेन्सिनचा आवाजही बंद करा. नेप्रिलायसिन रोखणारं सॅक्युबिट्रिल आणि अँजिओटेन्सिनची वाट अडवणारं व्हालसार्टन एकाच गोळीत आलं. २०१४ मध्ये आठ हजारांवर रुग्णांच्या पॅराडाइम-एचएफ चाचणीत जुन्या एनालाप्रिलच्या तुलनेत हृदयविकाराने मृत्यू किंवा हृदय थकल्यामुळे रुग्णालयात दाखल होण्याचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी कमी झालं. भारतात या औषधाच्या मूळ पेटंटची मुदत जानेवारी २०२३ मध्ये संपली, देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किंमत उतरली. ऊस आणि द्राक्षांवर घर चालवणाऱ्या कुटुंबासाठी ही बातमी कुठल्याही शोधनिबंधाइतकीच मोठी होती. अल्डोस्टेरॉन अडवणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोनने १९९९ सालीच गंभीर रुग्णांतले मृत्यू ३० टक्क्यांनी कमी करून दाखवले होते, आणि ते फार पूर्वीपासून स्वस्तात मिळतं. बीटा-ब्लॉकर गोळ्या नॉरअॅड्रेनॅलिनचा मारा थोपवतात. हृदय थकण्यावरची आजची बरीच यशस्वी औषधं म्हणजे कुठल्या ना कुठल्या हार्मोनच्या निरोपात केलेला हस्तक्षेप आहे.

निदानासाठी मात्र तो ‘निरुपयोगी’ तुकडाच फार उपयोगी ठरला. बीएनपी रक्तात सुमारे वीस मिनिटांत निम्मं होतं, एनटी-प्रोबीएनपी तासाहून जास्त टिकतं आणि नेप्रिलायसिन त्याला हात लावत नाही. म्हणून सॅक्युबिट्रिल घेणाऱ्याचं बीएनपी मोजून गोंधळ होऊ शकतो, एनटी-प्रोबीएनपी मोजून नाही. २००२ मध्ये धाप लागून तातडीच्या विभागात आलेल्या १,५८६ रुग्णांच्या अभ्यासात बीएनपी १०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर ही सीमा धरून हृदयाची धाप आणि फुप्फुसाची धाप वेगळी ओळखता आली. एनटी-प्रोबीएनपी तातडीच्या वेळी ३०० च्या खाली असेल तर हृदय थकल्याची शक्यता जवळपास सोडून देता येते. एरवी बाह्यरुग्ण विभागात ही सीमा १२५ धरतात. पण आकडा एकटा वाचू नये. वय वाढलं, मूत्रपिंड थकलं किंवा कर्णिका अनियमित फडफडू लागल्या तर तो वर जातो. लठ्ठ माणसात तो फसवा खाली राहतो. तालीम सोडून वीस वर्षं झालेल्या आणि खुराक मात्र न सुटलेल्या माणसाच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवायला हवं. विश्रांतीच्या वेळी पैलवानाचा आकडा सहसा सामान्य असतो. मॅरेथॉनसारख्या प्रदीर्घ कष्टानंतर तो थोडा चढतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो, म्हणून नमुना मेहनतीनंतर लगेच घेऊ नये.

एका गोष्टीबद्दल उघड बोललं पाहिजे. ताकद लवकर यावी म्हणून घेतली जाणारी अॅनाबॉलिक स्टेरॉइडची इंजेक्शनं हीसुद्धा हार्मोनचाच संदेश असतात. हृदयाच्या पेशींवर पुरुषी हार्मोनचे ग्राही असतात आणि त्या पेशी या संदेशाने वाढतात, पण निरोगी वाटेने नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत १४० अनुभवी वेटलिफ्टरांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ८६ जणांनी स्टेरॉइड वापरली होती. त्यांची हृदयं जाड होती, पण आकुंचनाला कमजोर आणि सैल पडायला ताठर. मातीत वर्षानुवर्षं घाम गाळून कमावलेलं हृदय आणि सुईने फुगवलेलं हृदय बाहेरून सारखंच दिसतं. वस्तादांनी या बाबतीत कडक राहावं. पोरगा ज्याच्या शब्दाबाहेर जात नाही असा माणूस तालमीत तोच असतो.

दुसरी बाब जनुकांची. हृदयस्नायूतल्या मायोसिन-बंधक प्रथिनाच्या जनुकातून २५ अक्षरं गळालेला एक बदल दक्षिण आशियातल्या सुमारे चार टक्के लोकांत असल्याचं २००९ मध्ये भारतीय संशोधकांच्या पुढाकाराने दाखवलं गेलं. तो बाळगणाऱ्या सगळ्यांना आजार होत नाही आणि धोका किती यावर पुढेही काम सुरू राहिलं, पण काहींची हृदयभिंत त्यामुळे वयाबरोबर बिघडते. म्हणून तरुण पैलवानाची भिंत १३ ते १६ मिलिमीटरच्या संशयास्पद पट्ट्यात असेल, घरात कुणी अचानक गेलेलं असेल, किंवा लढताना भोवळ आली असेल, तर ‘पैलवान आहे, असायचंच’ म्हणून सोडून देऊ नये. कप्प्याची जागा, भिंत सैल पडण्याची रीत, ईसीजी आणि काही महिने मेहनत थांबवल्यावर भिंत उतरते का, हे सगळं पाहावं लागतं. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांपासून कवठेपिरानच्या मारुती मानेंपर्यंत ज्या भागाने देशाला मल्ल दिले, त्या भागात हा प्रश्न दर हंगामात कुठल्या ना कुठल्या घरी उभा राहणारच.

साठीच्या माणसाकडे परत येऊ, कारण संख्येने तोच जास्त आहे. त्याचं हृदय ज्या निरोपांनी बिघडतं, त्यांची सुरुवात बहुतेक वेळा न मोजलेल्या रक्तदाबातून होते. एनटी-प्रोबीएनपीची चाचणी महाग, रक्तदाबाचा पट्टा प्रत्येक उपकेंद्रात. एएनपी मीठ बाहेर काढण्यासाठी झटत असताना ताटात खर्डा, पापड, लोणचं आणि वरून मीठ पडत असेल, तर हृदय आणि जेवण एकमेकांविरुद्ध काम करत राहतात. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे; आपल्याकडे सरासरी त्याच्या बरीच वर जाते. रक्तदाबाची गोळी चालू ठेवल्याने जाड झालेली भिंत काही प्रमाणात उतरते आणि ती उतरली की झटक्याचा, अर्धांगाचा धोका घटतो, हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे. ‘बरं वाटतंय’ म्हणून गोळी सोडणाऱ्यांना हे माहीत असायला हवं.

याच भागात एक काम करता येण्याजोगं आहे. कुंडलच्या मैदानात एकाच दिवशी विशीतले, तिशीतले आणि तालीम सोडलेले असे तीन पिढ्यांचे पैलवान एकत्र येतात. मिरज-कराडकडे वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, ईकोची यंत्रं आहेत. हंगाम सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर भिंतीची जाडी, रक्तदाब आणि एनटी-प्रोबीएनपी मोजून तीच माणसं दहा वर्षं पाहत राहिलं, तर मातीतल्या मेहनतीचं हृदय कधी निरोगी राहतं, मेहनत थांबल्यावर कुणाचं ओसरतं आणि कुणाचं न ओसरता दुसऱ्या वाटेला लागतं, हे या मातीतल्या माणसांच्या आकड्यांनी सांगता येईल. इटलीच्या खेळाडूंच्या आणि अमेरिकेच्या धावपटूंच्या कोष्टकांवरून इथल्या पोराला ‘फिट’ किंवा ‘अनफिट’ ठरवण्याची वेळ मग येणार नाही.